आगेऱ्याचं भांडण

चिंचखार गावठाण, अंधेरी (पूर्व)
१० ऑक्टोबर १९७३

प्रिय मृणाल,

तू लग्न करून मुलुंडला गेलीस आणि शाळेत माझ्या गप्पा ऐकणारं कुणी उरलं नाही. तुझ्या जागी ज्या बाई आल्यात त्या मधल्या सुट्टीत वह्या तपासतात. मधल्या सुट्टीत! तेव्हा आता तुलाच लिहून छळते.

रविवारी आमचा आगेरा झाला. तू एकदा आली होतीस, आठवतं? नव्या भाताची पहिली कणसं वाजतगाजत देवळात फादरांपुढे न्यायची. शेत सगळ्या गावाचं, भात सगळ्या गावाचं, पण पेंढी हातात धरून पुढे चालणार कोण? वरची आळी म्हणते मान आमचा, खालची म्हणते आमचा. आमचा विन्सेंटदादा वरच्या आळीचा म्होरक्या, आणि खालच्या आळीचे आमचे अर्बनकाका. दोघांनी एकाच वेळी पेंढीला हात घातला. फादर मधे उभे, हातात पवित्र पाणी. बँडला एकाने थांब म्हटलं, दुसऱ्याने वाजव म्हटलं, म्हणून ढोल थांबला आणि ट्रंपेट चालूच! अर्धं भात रस्त्यावर सांडलं आणि कोंबड्यांचा मात्र झकास आगेरा झाला.

आता बोलाचाल बंद. परवा दादाच्या ल्युसीच्या लग्नाचं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात बँड लावून विहिरीचं पाणी आणतात आणि त्याने नवरीला न्हाऊ घालतात. गोड पाण्याची विहीर खालच्या आळीत. पण दादा म्हणाला, "मेलो तरी ओढा ओलांडायचा नाय." मग आमच्या आळीतल्या मचूळ विहिरीचं पाणी आणलं. ल्युसी बिचारी दिवसभर अंग खाजवत बसली होती.

मी तर म्हणते, सरकारने आमच्या ओढ्यातून एक रेघ मारून द्यावी. अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. दोन्हीकडून बँड वाजेल बघ!

भावोजींना नमस्कार. मुलुंडचं पाणी मानवलं का ते कळव.

तुझी,
एथेल

मुलुंड (पूर्व)
२१ ऑक्टोबर १९७३

प्रिय एथेल,

तुझं पत्र आलं आणि घरात हसून हसून पुरेवाट झाली. मी चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईसुद्धा हसल्या गं, आणि त्या हसत नाहीत. हे तर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. "पुन्हा वाच, ते रेघ मारायचं पुन्हा वाच," म्हणून दोनदा वाचायला लावलं.

यांचं तुला माहीतच आहे. विमा कंपनीतली नोकरी म्हणजे नुसतं निमित्त, सगळा जीव पक्षाच्या कामात. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसलेलं असतं आणि मी आत चहा उकळत असते. हल्ली विधानसभेचे मतदारसंघ नव्याने आखायचं निघालंय, त्याचे नकाशे पसरलेले असतात. त्या दिवशी मात्र तुझ्या पत्रापायी हे आमच्यात तासभर बसले, तुझ्या गावाबद्दल चौकशी करत. ओढा कुठून कुठे जातो, कोणत्या आळीत घरं जास्त, साकीनाक्याच्या बाजूला कोणती आळी. मला कुठलं सांगता येतंय? तूच लिही सविस्तर. मी वाचून दाखवीन, म्हणजे पुन्हा एक छान संध्याकाळ होईल.

फराळाचा डबा पाठवते आहे. चकल्या जरा कडक झाल्यात, हसू नकोस.

तुझी,
मृणाल

चिंचखार
१४ जानेवारी १९७४

प्रिय मृणाल,

नाताळ छान झाला. उत्तराला उशीर झाला, कारण शाळेचं गॅदरिंग आणि घरात पाहुणे.

भावोजींना आमच्या गावात एवढा रस! त्यांना सांग, ओढा साकीनाक्याच्या कारखान्यांच्या मागून येतो आणि गावाच्या बरोब्बर मधून जातो. वरची आळी साकीनाक्याच्या अंगाला, खालची अंधेरीच्या. घरं दोन्हीकडे सारखीच म्हण. ओढ्याच्या दोन्ही काठांना आमची शेतं, आणि मधे खळं, जिथे सगळं गाव भात झोडतं.

त्या शेतांवर बऱ्याच जणांचा डोळा आहे गं. साकीनाका हळूहळू सरकत इकडे यायला बघतोय. मागे एकदा सरकारने ती जमीन कारखान्यांसाठी घ्यायचं ठरवलंसुद्धा होतं. तेव्हा अर्बनकाका आणि दादा मिळून आमदारांकडे गेले. काका एवढंच म्हणाले, "साहेब, आमचं गाव एका पेटीत मत टाकतं, आणि एकाच माणसाला टाकतं." बस्स. कागद परत गेला. पुढच्या निवडणुकीत त्या आमदारांना आम्ही निवडून आणलं आणि समोरच्याला पाडलं. आमच्या गावाचीच मतं त्याला कमी पडली होती म्हणतात.

म्हणजे भात आहे ते मतांमुळे आहे. हे वाचून सासूबाई हसणार नाहीत, पण भावोजींना आवडेल. राजकारणातला माणूस ना!

चकल्या कडक नव्हत्या. दगड होत्या. पण एक उरली नाही.

एथेल

चिंचखार
२२ ऑगस्ट १९७४

प्रिय मृणाल,

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय, सांभाळून घे.

मतदारसंघांच्या आखणीचा मसुदा पेपरात आला. दादाने आणून माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "तू मास्तरीण ना, वाच." मी वाचलं. पुन्हा वाचलं. मृणाल, त्यात आमचा ओढा आहे! ओढ्याच्या पश्चिमेचं चिंचखार अंधेरीकडच्या मतदारसंघात आणि पूर्वेचं कुर्ल्याकडच्या. गावाच्या मधून, विहिरीजवळून, खळ्याच्या काठाने हद्द गेलीय. ज्या ओढ्याला साधं नाव नाही, तो सरकारी कागदावर कुणी नेऊन ठेवला?

अर्ध्या गावाची मतं तिकडे, अर्ध्याची इकडे. दोन्हीकडे आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसणार. आता आमदाराला काय सांगायचं, की आमचं अर्धं गाव एका पेटीत मत टाकतं?

हरकती पाठवायला मुदत आहे आणि मग सुनावणी. आम्ही पाठवतोय. पण इथे कुणाला यातलं काही कळत नाही. भावोजींना विचार ना गं. कुठे अर्ज करायचा, कुणाला भेटायचं. आमच्या ओळखीत यातलं कळणारा तो एकच माणूस आहे.

वाट बघते.

एथेल

मुलुंड (पूर्व)
३० ऑगस्ट १९७४

प्रिय एथेल,

तुझं पत्र वाचून मी सरळ यांच्या नकाशांवर नेऊन ठेवलं. म्हटलं, आधी हे वाचा. यांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, "तिला लिही, काळजी करू नको. सुनावणीला मी जाणारच आहे. चिंचखारबद्दल मी स्वतः बोलणार आहे."

बघ! तू सांगायच्या आधीच यांच्या मनात होतं. नकाशावर तुमच्या ओढ्याशेजारी यांची पेन्सिलची खूणही मी पाहिली. माझ्या माणसाबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं, आज फार अभिमान वाटला. हे बोलायला उभे राहिले की समोरच्याला पटतंच.

सुनावणी ऑक्टोबरात आहे. गावातली माणसं मात्र भरपूर आणा, असं यांनी मुद्दाम सांगितलंय. दोन्ही आळ्यांची.

तुझी,
मृणाल

चिंचखार
१७ ऑक्टोबर १९७४

मृणाल,

तुला काय सांगितलंय घरी, मला माहीत नाही. मी काय पाहिलं ते लिहिते.

आगेरा सहा तारखेला झाला आणि नेहमीसारखं वाजलं. यंदा पेंढी खालच्या आळीने नेली म्हणून आमची आळी मिरवणुकीतून निघून आली. त्यानंतर दहाव्या दिवशी सुनावणी. आमची माणसं एका ट्रकमधून गेली, अर्बनकाकांची दुसऱ्या. हॉलमध्ये आमची आळी डाव्या हाताला बसली, त्यांची उजव्या. मधल्या वाटेवरून कुणी कुणाकडे बघेना. मी दोन्हीकडे हात जोडत फिरले, की आजच्या दिवस तरी एकत्र बसा. दादा म्हणाला, "बोलायचं ते आमी साहेबांशी बोलू. त्यांच्याशी कशाला?"

आणि मग तुझा नवरा उठला.

मी हसले गं त्याला बघून. शेजारी बसलेल्या ल्युसीला म्हटलं, हे आमचे भावोजी, आता बघ.

तो म्हणाला, हे एक गाव नाही, ही दोन गावं आहेत. यांची विहीर वेगळी, लग्नाचं पाणीसुद्धा वेगळं. मेलो तरी ओढा ओलांडायचा नाही, असं हे म्हणतात. म्हणाला, सरकारने या ओढ्यातून रेघ मारून दिली, तर दोन्हीकडून बँड वाजेल.

हॉल हसला. तुमचं घर हसलं होतं ना, तसाच.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कुठेतरी ऐकलंय असं वाटलं. आणि मग एकदम कळलं, हे मी लिहिलंय. माझं वाक्य, माझ्या गमतीचं, माझ्याच तोंडावर. मी बसले होते तिथेच बसून राहिले.

हरकती ऐकणाऱ्या समितीचे मधले साहेब बिचारे सज्जन होते. त्यांनी दादाला विचारलं, "तुम्ही आणि ते एकमेकांशी बोलता का?" आमचा दादा आयुष्यात खोटं बोललेला नाही, आणि त्या दिवशीसुद्धा त्याला ते सुचलं नाही. म्हणाला, "नाय साहेब. आता नाय बोलत." अर्बनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "तो नाय बोलत, तर मी कशाला बोलू?" साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पुन्हा केव्हा बोलणार, असं कुणी विचारलं नाही ना गं! विचारलं असतं तर साऱ्या हॉलने एका आवाजात सांगितलं असतं, नाताळात! आमच्याकडे आगेऱ्याला भांडायचं आणि नाताळात गोडाधोडाची पहिली ताटली भांडलेल्या घरी न्यायची. माझा आजोबा आणि अर्बनकाकांचा बाप असेच भांडत आले. ज्याच्याशी तू भांडलीस तो तुझा. परक्याशी कोण भांडतं? गेल्या नाताळात ल्युसीच्या हातून काकांकडे ताटली गेली आणि काकांनी तिच्या सासरी गोड्या विहिरीच्या पाण्याचा हंडा पाठवला. सगळं गाव हसलं. मी ते तुला लिहिलं नाही. भांडणाला मी तीन पानं घातली आणि मिटल्याची एक ओळ लिहिली नाही. मिटणं आमच्याकडे बातमी नसते. ते होणारच असतं.

हॉलच्या दारात मी त्याला गाठलं. म्हटलं, "भावोजी, हे काय केलंत?" तो हसून म्हणाला, "एथेलबाई, तुमची लेखणी फार छान आहे."

तुला ठाऊक होतं का, एवढंच सांग. हो किंवा नाही.

एथेल

मुलुंड (पूर्व)
३ नोव्हेंबर १९७४

एथेल,

नाही. नाही. शपथेवर नाही.

तुझं पत्र हातात घेऊन मी यांच्यापुढे उभी राहिले. हे पेपर वाचत होते. मी विचारलं, हे खरं का? तर पेपर खाली न घेता म्हणाले, "मी एक शब्द तरी पदरचा घातला का? तुझ्या मैत्रिणीने लिहिलं तेच बोललो. मागच्या वेळी त्या गावाने आमचा माणूस पाडला, आता पाडणार नाही. यात रडण्यासारखं काय आहे?"

दीड वर्ष ज्या माणसाचं जेवणखाण, औषधपाणी केलं, तो मला त्या क्षणी ओळखू येईना. तू त्याला मदतीसाठी लिहिलेलं पत्रही मीच नेऊन त्याच्या नकाशावर ठेवलं होतं. ती पेन्सिलची खूण मी पाहिली होती आणि मला अभिमान वाटला होता!

मी पत्रं का वाचायचे, सांगू? हा माणूस आमच्यात कधी बसत नाही गं. तुझं पत्र आलं की बसायचा, हसायचा, मला विचारायचा. मला वाटायचं, आपलं बोलणं त्याला आवडायला लागलं. मी मूर्ख. तो नकाशा भरत होता.

मी स्वतः समितीला पत्र टाकलंय, की हे भांडण दरवर्षी नाताळात मिटतं, मला त्या गावच्या बाईने सांगितलंय. उत्तर येईल न येईल. पण एथेल, एक सांगू, रागावू नकोस. तुझ्या पत्रांतून मला तुमच्या गावाचं भांडण दिसलं, नाताळ कधी दिसला नाही. मला ठाऊक असतं तर मी तेही त्याच आवाजात वाचलं असतं.

मला टाकू नकोस.

मृणाल

मुलुंड (पूर्व)
८ फेब्रुवारी १९७६

प्रिय एथेल,

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर आलं नाही. तुमच्या ओढ्याची हद्द कायम झाल्याचं मला घरातच कळलं. घरी पेढे आले होते. मी खाल्ला नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

समितीचं मला उत्तर आलं नाही. तुझं तरी येऊ दे.

मृणाल

चिंचखार
१२ मार्च १९७८

प्रिय मृणाल,

तुझी सगळी पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसायचे आणि वाटायचं, हे त्या घरात कोण कोण ऐकेल? मग पेन ठेवून द्यायचे. तुझ्यावरचा राग केव्हाच गेला. लिहायची भीती गेली नव्हती.

आज लिहिते आहे, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

निवडणूक झाली. आम्ही वरच्या आळीचे साकीनाक्याच्या शाळेत गेलो, खालचे अंधेरीकडे. मतं मागायला दोन्हीकडे कुणी फिरकलं नाही. आणि आठ दिवसांत शेतांवर नोटिसा लागल्या. कारखान्यांसाठी. खळ्यासकट. दादा आमच्या नव्या आमदारांकडे गेला, तर ते म्हणाले, खळं ओढ्याच्या पलीकडे, ते माझ्याकडे येत नाही. अर्बनकाका त्यांच्या आमदारांकडे गेले. ते म्हणाले, बरीच शेतं ओढ्याच्या पलीकडची, तिकडच्यांना विचारा. दोघंही खोटं बोलले नाहीत. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. परत आल्यावर ते खळ्यावर जाऊन बसले, जेवायला हाक मारली तरी उठेनात.

पण मला तुला सांगायचंय ते हे नाही.

सुनावणीनंतर गावाने ठरवलं होतं, आता आगेऱ्याला भांडायचं नाही. बाहेरचा कुणी ऐकेल आणि लिहून नेईल. पहिल्या वर्षी सगळे दात आवळून गप्प बसले. दुसऱ्या वर्षी सवय झाली. गेल्या ऑक्टोबरात पेंढी धरायची वेळ आली तेव्हा दादा काकांना म्हणाला, "तुमी घ्या." काका म्हणाले, "नको नको, तुमी घ्या." मृणाल, जन्मात पहिल्यांदा ते दोघं एकमेकांना "तुमी" म्हणाले. शेवटी पेंढी फादरनी नेली. बँड एका सुरात वाजला आणि भाताचा एक दाणा रस्त्यावर पडला नाही. सगळे म्हणाले, किती छान आगेरा झाला. मी घरी येऊन दार लावून रडले.

नाताळात मी ताटली भरली. मग हातात धरून उभी राहिले, कुणाकडे नेऊ? कुणाशी भांडणच झालं नव्हतं. दुपारपर्यंत वाट पाहिली. ओढ्यापलीकडून कुणी आलं नाही, आमच्याकडून कुणी गेलं नाही. त्या हॉलमध्ये तुझा नवरा जे बोलला ते तेव्हा खोटं होतं. आता कुणी येऊन पाहिलं तर खरं आहे.

पुढच्या आगेऱ्याला कणसं कुठून आणायची, ते ठाऊक नाही. आणली तरी ती कुणी न्यायची यावरून कुणी भांडणार नाही.

तू विचारलं होतंस, टाकू नकोस म्हणून. नाही टाकलं. या नाताळात ती ताटली तुझ्याकडे घेऊन येणार आहे. आपलं भांडण झालं आहे, म्हणजे ती तुझ्याच घरी यायला हवी.

तोवर एक काम कर. हे पत्र चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. सासूबाईंना बसव, भावोजींना पेपर खाली ठेवायला लाव. एकही ओळ गाळू नकोस, पेंढीचं तर दोनदा वाच. आणि भावोजी कुठे हसले, ते मला कळव.

तुझी,
एथेल